दोरीच्या आत

४ जानेवारी

कंपनीच्या वहीत रोज संध्याकाळी एकच ओळ लिहायची असते: आज अपघात नाही. ती लिहून झाली. आता उरलेलं कुणाला सांगू? मुलीला फोन लावला तर म्हणाली, "आई, पाहुणे आलेत, नंतर करते." म्हणून ही दुसरी वही काढली. हिच्याकडे पाहुणे येत नाहीत.

इथे येऊन आठवडा झाला. जंगलातल्या या तळावर बाई मी एकटीच. माझी खोली सगळ्यात कडेला, तेलाच्या पिंपांच्या पलीकडे. काम म्हटलं तर सोपं. जे झाड पाडायचं त्याच्याभोवती लांबवर लाल दोरी बांधायची, मशीनवाल्याशिवाय कुणालाही दोरीच्या आत जाऊ द्यायचं नाही, आणि बाहेर उभं राहून झाडाच्या शेंड्याकडे बघत राहायचं. वर सुकी फांदी सुटली, बुंधा तडकला, झाड भलतीकडे झुकलं की शिट्टी. मशीनच्या आवाजासाठी कानांवर झाकणं असतात, त्यातूनही ऐकू जाईल अशी कर्कश शिट्टी आहे; ती झाली की मशीनवाल्याने करवत टाकून पळायचं. दिवसभर मान वर. संध्याकाळी खाली बघून चहा ओतायचा तरी मान कुरकुरते.

माणसं मला तोंडावर बाई म्हणतात आणि पाठीमागे शिट्टीबाई. म्हणा! मला काय ऐकू येत नाही?

आमचे हे याच कंपनीत पाचर मारायचे. मशीनवाला कापत जातो तसा दुसरा माणूस त्या फटीत पाचर ठोकतो, म्हणजे झाड हवं तिकडे झुकतं. हे बुंध्याला खेटून उभे होते. झाड पडताना बुंधा मागे उसळला. कापणारा वाचला, हे गेले. त्याला आता दीड वर्ष होईल. कंपनीने मला ही नोकरी दिली. माझ्या डोळ्यांदेखत बुंध्याजवळ दुसरा माणूस उभा राहणार नाही, हे मी शिट्टी गळ्यात घालतानाच ठरवलंय.

९ जानेवारी

इथले मशीनवाले दोघे सख्खे भाऊ. थोरला कापतो, धाकटा पाचर मारतो. थोरल्याचा हात इतका साफ आहे की पाडायचं म्हटलं तर दोन खांबांच्या मधोमध झाड निजवेल. पण गडी भलताच आढ्यताखोर. सकाळी मी म्हटलं, "दादा, आज वारा आहे हं." ढिम्म. बघितलंसुद्धा नाही. धाकट्यानेच उत्तर दिलं, "हो बाई, सांगतो मी." अरे, तू कोण सांगणारा? मी काय परकी भाषा बोलते?

आणि बोलेल तेव्हा असा बोलतो की पलीकडच्या टेकडीला ऐकू जावं. जेवताना कुणी विनोद केला की सगळे हसून झाल्यावर हा हसतो. मोठा माणूस, लोकांबरोबर हसणंसुद्धा उपकार केल्यासारखं.

धाकट्याचं तर विचारूच नका. पाचर मारून झाली की एक हात थोरल्याच्या पाठीवर ठेवून उभा राहतो. बाजारात हरवेल म्हणून पोराला धरावं तसा. मध्येच पाठीवर थापट्या मारतो. लाडच लाड! मी मुकादमांना म्हटलं, हा माणूस दोरीच्या बाहेर पाहिजे. पाचर मारली की निघायचं. मुकादम म्हणाले, "बाई, त्यांची सवय आहे ती, बरीच वर्षं चाललंय." मी म्हटलं, आमच्या ह्यांचीही सवयच होती.

१४ जानेवारी

आज थोरले माझ्या खोलीचं दार नीट करायला आले. मी सांगितलं नव्हतं. बिजागरी निखळली होती, येता-जाता पाहिली असेल. हातोडी घेऊन थेट कामालाच लागले. मला बरं वाटलं. या खोलीत माझ्याशिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज पहिल्यांदाच, मग तो ठोकण्याचा का असेना.

मी चहा ठेवला. म्हटलं विचारावं. आचाऱ्याने सांगितलं होतं की आमचे हे आणि थोरले बऱ्याच वर्षांपूर्वी एका तळावर होते. धीर करून विचारलं, "दादा, कामावर कसे होते हो आमचे? घरी तर काही सांगायचे नाहीत." ते माझ्याकडे पाठ करून खिळा ठोकत होते. ठोकणं थांबलं तरी उत्तर नाही. मी परत विचारलं. दार एकदा उघडून बघितलं, लावून बघितलं, हातोडी उचलली आणि चालायला लागले. चहा तसाच.

मेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला पैसे पडतात का? मी खूप रडले. आणि रडताना चहा प्यायले, तोही त्यांचा.

२० जानेवारी

पुढच्या आठवड्यात शहरातून साहेब येणार म्हटल्यावर मुकादमांना माझे नियम एकदम पटले. आज सकाळी त्यांनी सगळ्यांसमोर धाकट्याला सांगितलं, पाचर मारली की दोरीच्या बाहेर, बाईंच्या शेजारी येऊन उभं राहायचं.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला. "मुकादम, दादाला सवय नाही एकट्याने..." मी म्हटलं, "पन्नाशीच्या माणसाला सोबत लागते होय?" दोघंतिघं हसले. धाकट्याने थोरल्याला समोर उभं करून हातवारे करकरून समजावलं. थोरल्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने बघितलं असतं तर चाललं असतं. तसं नव्हतं ते, पण काय होतं ते मला कळलं नाही.

दिवसभर कापताना सारखे वळून मागे बघत होते. एवढा हुशार माणूस आणि कामात लक्ष नाही. पण काही का असेना, आज बुंध्याजवळ एकच माणूस होता. ह्यांच्या फोटोला सांगितलं, बघा, जमवलं मी.

२३ जानेवारी

आज अपघात.

कसं लिहू? झाड अर्धं कापून झालं होतं. वाऱ्याचा झोत आला आणि वर शेजारच्या झाडात अडकलेली जाडजूड सुकी फांदी हलली. मी शिट्टी फुंकली. जीव खाऊन फुंकली. मशीन चालूच. परत फुंकली. थोरले वाकून कापतायत, हूं नाही की चूं नाही.

माझ्या शेजारून धाकटा सुटला. मी त्याला धरलं. दोन्ही हातांनी धरलं, "आत जायचं नाही!" म्हणून ओरडले. माझ्या डोळ्यांसमोर हे होते, मी त्याला सोडणार नव्हते. त्याने हिसका दिला, शर्टाची बाही माझ्या हातात राहिली. एक गोष्ट मला तेव्हाच विचित्र वाटली. भाऊ मरणाच्या दारात आहे आणि हा माणूस एकदाही "दादा" म्हणून ओरडला नाही. नुसता धावला.

पट्ट्याला धरून त्याने थोरल्याला मागे ओढलं. फांदी खाली आली ती धाकट्याच्या खांद्याला घासून मशीनवर. मशीनचे तुकडे झाले. थोरले मातीत बसून चारी बाजूंना बघत होते, काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं.

धाकट्याचं गळ्याजवळचं हाड मोडलंय. दवाखान्यातून बांधून आणला. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले, भांडायच्याच तयारीने. म्हटलं, तुझ्या दादाला माझी शिट्टी ऐकायची नसेल तर... तो हळूच म्हणाला, "त्याला ऐकू येत नाही, बाई. आता काहीच येत नाही. मी पाठीवर थापटतो तेव्हा त्याला कळतं. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे पळ."

मी तिथेच जमिनीवर बसले. वारा आहे हं, दादा. आमचे कसे होते हो, दादा. मी कुणाशी बोलत होते इतके दिवस? आणि त्या माणसाला वाचवणारा एकुलता एक हात मीच धरून ठेवला होता. देवा, बाही फाटली म्हणून बरं.

२५ जानेवारी

साहेब येऊन गेले. सगळ्यांनी एकच सांगितलं, वाऱ्याने फांदी पडली. मीही तेच सांगितलं. खोटं काय आहे त्यात?

धाकट्याने हात जोडले होते. "ताई, दादाला इथून काढलं तर तो झुरून मरेल." बाईची ताई झाले. मग त्याने घरी फोन लावून माझ्या हातात दिला. थोरल्यांची बायको. "ताई, फार उपकार झाले हो तुमचे," म्हणत होती. कसले उपकार, मी धाकट्याला धरून ठेवत होते, हे माझ्या तोंडून निघालं नाही. तिनेच बोलत राहावं असं वाटत होतं. माझा नंबर मागून घेतला. इतकं गोड कुणी माझ्याशी किती दिवसांत बोललं नव्हतं.

२८ जानेवारी

धाकट्याचा खांदा बरा होईपर्यंत पाचरीला दुसरा माणूस आहे, पण पाठीवर हात कोण ठेवणार? दुसऱ्याला सांगावं तर गोष्ट बाहेर फुटणार. मी म्हटलं, मी ठेवते.

मी! मीच बांधलेली दोरी ओलांडून मीच आत गेले. मुकादमांना सांगितलं की अपघातानंतर जवळून लक्ष ठेवते आहे. त्यांनी मान डोलावली. त्यांना झाडं मोजून मिळाली की पुरे.

बुंध्याजवळ जाऊन उभी राहिले. हे जिथे उभे होते तशीच जागा. हात ठेवला. शर्ट घामाने ओला, आत मशीनचा थरथराट. किती दिवसांनी माणसाच्या अंगाला हात लागला. वाटलं, हे असंच चालू राहावं. लिहायला लाज वाटते, पण दुसरं कोण वाचतंय?

४ फेब्रुवारी

आता मी दोघा भावांबरोबर जेवते. थोरल्यांशी बोलायचं तर समोर बसायचं, तोंड उजेडात ठेवायचं आणि भरभर बोलायचं नाही. मला भरभर बोलायची खोड, ते वैतागतात आणि ओरडतात, "गाडी सुटतेय का ताई?" मग आम्ही हसतो, सगळे एकाच वेळी.

आज मी परत विचारलं, हे कामावर कसे होते. ते लगेच म्हणाले, "गायचा की! सारखं गायचा. सूर एक धड लागत नव्हता, पण थांबायचा नाही. तेव्हा मला ऐकू यायचं." आणि त्यांनी स्वतः ते गाणं म्हणून दाखवलं. काय सांगू तो आवाज, जनावर दचकावं! आचारी बाहेर बघायला आला.

इतक्या वर्षांत घरी एकदा गुणगुणलेसुद्धा नाहीत. मला राग आला ह्यांचा, आणि बरंही वाटलं. आता त्यांच्याबद्दल बोलायला कुणीतरी आहे.

१२ फेब्रुवारी

मुलीचा फोन आला. "आई, आवाज छान लागतोय तुझा." मी म्हटलं, इथे माझी माणसं झालीत. ती म्हणाली, "मग मी आता काळजी करायला नको." आधी करत होतीस होय, असं म्हणणार होते, पण सोडून दिलं.

१९ फेब्रुवारी

आज काही झालं नाही. कंपनीच्या वहीत तसंच लिहिलंय आणि ते खरंही आहे. पण या वहीत सगळं लिहायला हवं.

उतारावरचं झाड होतं. मी थोरल्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी. जवळून शेंडा दिसत नाही, दिसतो तो फक्त बुंधा आणि माणसाची मान. झाड पडलं ते आधी पाडलेल्या ओंडक्यावर आणि तो ओंडका उताराला लागला. खालून मुकादम चालले होते, फोन कानाला लावून. मी ते बघितलंच नाही. मी थोरल्यांना खूण करत होते, छान पडलं म्हणून. ओंडका एका खुंटाला अडकून थांबला, मुकादमांच्या अगदी पुढ्यात. त्यांच्या हातातला फोन गळून पडला.

शिट्टी माझ्या गळ्यात होती. वाजवायला मी दोरीपाशी नव्हते. एका माणसाची पाठ धरून बसले आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. मुकादम माझ्यावर चिडलेसुद्धा नाहीत. उलट म्हणाले, "नशीब माझं." त्यांना वाटलं मी शिट्टी वाजवली असेल, फोनमुळे त्यांनाच ऐकू आली नाही.

२० फेब्रुवारी

दिवसभर विचार केला. गप्प बसले तर सगळं चालू राहील. जेवण, गप्पा, ताई ताई. तोंड उघडलं तर परत तेलाच्या पिंपांपलीकडची खोली. एवढी सरळ गोष्ट आहे, तरी संध्याकाळपर्यंत ठरत नव्हतं. म्हणजे मी किती एकटी पडले होते बघा.

थोरल्यांच्या समोर जाऊन बसले आणि हळूहळू सांगितलं, "मी साहेबांना सांगणार आहे. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून." त्यांनी माझं तोंड नीट वाचलं. मला वाटलं, परत सांगावं लागेल. नाही लागलं.

धाकटा उसळला. "सांगायचंच होतं तर तेव्हाच सांगायचं! इतके दिवस आमच्यात बसून जेवलीस!" मला अगंतुगं केलं. तेच तर खरं होतं.

२७ फेब्रुवारी

कानांची तपासणी झाली. थोरल्यांना कामावरून उतरवलं. आता मशीन नाही. तळावर दुसरं काम मिळालं नाही, साहेब म्हणाले की ऐकू न येणारा माणूस जंगलात कुठेच नको. शिट्टी ऐकू आलीच पाहिजे, हा नियम माझ्याच तोंडचा.

आज ट्रकने गेले. धाकटा एका हाताने त्यांचं सामान चढवत होता, माझ्याकडे पाठ करून. मी पुढे जाऊन थोरल्यांसमोर उभी राहिले. म्हटलं, "घरी जा, आराम करा. बायको वाट बघतेय." साधं निरोपाचं बोलणं.

ते सगळ्या तळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "घरी काय करू? घरी सगळे बोलतात."

मला समजलं नाही हे त्यांना दिसलं असावं. बोट कानाला लावून म्हणाले, "इथं मशीन सुरू झालं की सगळ्यांच्या कानांवर झाकणं. कुणालाच कुणाचं बोलणं ऐकू येत नाही. इथं मी सगळ्यांसारखा होतो." मग ट्रकमध्ये चढले आणि समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत बसले. मी हात हलवला. बघितलं नाही, आणि या वेळी ते मुद्दामच होतं.

८ मार्च

नवा मशीनवाला आलाय. धाकट्याचा खांदा बरा झालाय, तो त्याला पाचर मारतो आणि दोरीच्या बाहेर येऊन उभा राहतो, माझ्यापासून जितकं लांब राहता येईल तितका लांब. जेवायला मी माझ्या खोलीत. आचारी ताट दारात ठेवतो आणि जातो. मी पुन्हा शिट्टीबाई. आज अपघात नाही.

मान पुन्हा दुखायला लागली. शेंड्याकडे बघते ना.

१७ मार्च

दुपारी सुट्टी होती. खोलीबाहेर पायरीवर बसले होते. फोन वाजला, थोरल्यांची बायको. या वेळी ताई नाही.

"काय मिळवलंत हो बाई तुम्ही?" सुरुवातच तशी. "चांगला कामाला जाणारा माणूस घरी आणून टाकलात. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. नातवंडं बोलायला गेली की त्यांच्या अंगावर ओरडतात. काल भरलं ताट ढकलून दिलं. तुमचं नाव काढलं तरी शिव्या देतात. मी काय करू, सांगा ना! तुम्हाला काय, तुम्ही सांगून मोकळ्या झालात."

तिचं सगळं खरं होतं. मी एवढंच विचारलं, "आत्ता कुठे आहेत?"

"कुठे असणार? हे काय, समोर बसलेत. माझ्याकडे डोळे वटारून बघतायत, कुणाशी बोलतेस म्हणून."

आमचे असे समोर बसले असते, चिडून, शिव्या देत, तर मी त्यांना रोज ताट ढकलू दिलं असतं. रोज पुसून घेतलं असतं. पण हे तिला कसं सांगणार? ती म्हणाली, "ठेवते मी."

मी म्हटलं, "नका ठेवू. बोला. अजून काय काय करतात ते?"

तिने फोन ठेवला नाही. मग सांगायला लागली, दार कसं आपटतात, अंघोळीला किती वेळ लावतात, माणसं आली की अंगणात कसे निघून जातात. सांगता सांगता तिचा आवाज खाली आला. मी पायरीवर बसून सगळं ऐकत राहिले.